नागपुरात कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि आसपासचे ब्रीडर, पेट शॉपवाले, घरच्या कुत्रीची पिल्लं देणारे-विकणारे आणि मोबाईलवर फोटो टाकून 'पप्पी अव्हेलेबल' लिहिणारे सगळे दादा-ताई,

स. न. वि. वि.

मी दक्षिण नागपुरात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करणारी पशुवैद्य आहे. तुमच्यातल्या काहींशी माझं रोजचं बोलणं असतं. काही जण माझं नाव निघालं की गिऱ्हाइकाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवतात, तेही मला ठाऊक आहे. दोघांनाही हे पत्र आहे. विषय पार्वोचा, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताची संडास लावून मारणाऱ्या विषाणूच्या आजाराचा, आणि त्यातही त्या एका वाक्याचा, जे तुमच्या प्रत्येक जाहिरातीत असतं: 'वॅक्सिन झालेलं आहे.'

दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पिल्लांची विक्री वाढते. त्यानंतरच्या पंधरवड्यात आमच्याकडे सलाईनचे स्टँड कमी पडतात. पिल्लू रविवारी घरी जातं. सोमवार-मंगळवार सगळं घर त्याच्याभोवती. बुधवारी ते खायला नको म्हणतं, रात्री पांढरा फेस ओकतं, गुरुवारी संडास पातळ आणि शुक्रवारी रक्ताची. मग घेणारा तुम्हाला फोन लावतो. तुमचं उत्तर मी स्पीकरवर पुष्कळदा ऐकलं आहे: "आमच्याकडून तर मस्त खेळत गेलं होतं भाऊ. तुम्हीच काही खाऊ घातलं असन." एकानं तर सावजीच्या रश्श्यावर बिल फाडलं होतं. सव्वा महिन्याच्या पिल्लाला सावजी कोण पाजतो हो?

हिशेब साधा आहे. पार्वोचा विषाणू तोंडावाटे पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, कधी १४ सुद्धा. रविवारी विकलेलं पिल्लू बुधवारी ओकायला लागलं, तर ते बहुतेक तुमच्याच खोलीतून, नाहीतर तुमच्याकडे येताना ज्या खोक्यात बसून आलं त्या खोक्यातून आजार घेऊन निघालं होतं. आणि लक्षणं दिसण्याआधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला सुरुवात झालेली असते. म्हणजे 'मस्त खेळत' होतं तेव्हाच ते तुमच्याकडच्या बाकीच्या भावंडांना वाटून गेलं. घेणाऱ्याशी भांडण्यात जो वेळ जातो त्यात उरलेली पिल्लं तपासून घ्या, असं मी एकाला म्हटलं होतं. त्यानं ती दोन दिवसांत स्वस्तात काढून टाकली. ती कुठे कुठे गेली असतील याचा विचार मी करत बसत नाही.

हा आजार काही पुराणकाळापासूनचा नाही. १९७८ च्या सुमाराला तो जगाच्या वेगवेगळ्या भागांत एकदमच दिसला आणि दोनेक वर्षांत सगळीकडे पोचला. मांजरांमध्ये असलेल्या तशाच एका विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. माणसाला तो होत नाही, पण माणसाच्या चपलेवरून, पँटच्या टोकावरून, पिंजऱ्याच्या तारेवरून तो आरामात फिरतो. शरीरात शिरला की ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांच्यावर तो पहिला हात टाकतो: आतड्याचं अस्तर आणि हाडातला मगज. अस्तर गळून पडतं, म्हणून रक्ताची संडास. त्या उघड्या आतड्यातून जंतू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणं बंद झालेलं असतं. पिल्लू मरतं ते पाणी आटून आणि रक्तात जंतू पसरून. आम्ही अँटिबायोटिक देतो ते या जंतूंसाठी. विषाणूवर त्याचा काही परिणाम नाही. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून चुरून देणं, हळद-ताक पाजणं, यातून फक्त एक दिवस वाया जातो, आणि पार्वोत एक दिवस फार मोठा असतो. उपचारच मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं जातात. वेळेवर भरती केलं, सलाईन, उलटीचं औषध, देखरेख नीट मिळाली, तर दहातली आठ-नऊ वाचूही शकतात. पण ते चार-पाच दिवसांचं काम आहे, हजारोंचं बिल आहे, आणि ते बिल भरणारा तुमच्याकडून आधीच वीस-पंचवीस हजारांना पिल्लू घेऊन बसलेला असतो.

आता वॅक्सिनकडे येते. एक इंजेक्शन दिलं की पिल्लू 'झालं', असं तुमच्यातल्या प्रामाणिक लोकांनाही मनापासून वाटतं. म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते.

पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसात आईचा चीक पितं. गाय-म्हशीच्या बाबतीत चिकाचं महत्त्व आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, कुत्रीचंही तेच. आईच्या रक्तातली तयार प्रतिकारशक्ती त्या चिकातून पिल्लात उतरते. पहिले काही आठवडे पिल्लाला ती सांभाळते. पण ती उसनी असते. साधारण दर दहा दिवसांनी ती निम्म्यावर येते. आईचं स्वतःचं वॅक्सिन वेळच्या वेळी झालेलं असेल तर पिल्लाकडे सुरुवातीचा साठा मोठा. आई कधी डॉक्टरकडे गेलीच नसेल तर साठा नावापुरता. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक पडतो. जे दांडगं, पुढे घुसून प्यालं, त्याला जास्त. जे मागे राहिलं त्याला कमी.

अडचण अशी की ही उसनी शक्ती खऱ्या विषाणूला जशी अडवते तशीच वॅक्सिनलाही अडवते. पार्वोच्या वॅक्सिनमध्ये अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो. पिल्लाच्या अंगात आईची शक्ती भरपूर असताना तो टोचला तर ती त्याला तिथल्या तिथे संपवते आणि पिल्लाचं शरीर स्वतः काहीच शिकत नाही. इंजेक्शन दिलं गेलं, कार्डावर तारीख पडली, आणि परिणाम शून्य. मग एक काळ असा येतो की उसनी शक्ती खऱ्या पार्वोला अडवण्याइतकी उरलेली नसते, पण वॅक्सिनला अडवण्याइतकी शिल्लक असते. हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असू शकतो, आणि कुठल्या पिल्लात तो नेमका कधी येईल हे बाहेरून बघून सांगता येत नाही. कुणात सातव्या आठवड्यात, कुणात बाराव्या, तर एखाद्यात उसनी शक्ती सोळाव्या आठवड्यापर्यंतही टिकते.

म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम जगभर ठरलेला आहे. त्यानंतर सहा महिने ते वर्षभराच्या वयात बूस्टर. लोकांना वाटतं पहिला डोस थोडी शक्ती देतो, दुसरा आणखी थोडी, तिसऱ्यानं टाकी फुल्ल. तसं ते नाही. यातला एक डोस बरोबर वेळेला पडावा, म्हणून आपण तो पुन्हा पुन्हा देतो. त्यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक चुकवतात, कारण विकताना तुम्ही सांगितलेलं असतं, "झालंय सगळं."

माझ्या टेबलावर आलेलं एक कार्ड सांगते. रॉटवायलरचं पिल्लू, हिरड्या पांढऱ्याफटक, पुढच्या पायाची शीर बसलेली, सुई शिरेत घालायला घाम निघाला. पार्वोच्या संडासला एक वास असतो. एकदा घेतला की दारातूनच ओळखू येतो, तपासणीच्या किटवर दुसरी रेघ उमटायची वाट बघायला लागत नाही. (रॉटवायलर आणि डॉबरमन यांना हा आजार जास्त जोरात पकडतो, हेही विकताना सांगत जा.) कार्ड मात्र चकाचक. वॅक्सिनच्या तीन तारखा, तिन्ही एकाच पेनानं, एकाच तिरक्या अक्षरात. जन्मतारखेवरून मोजलं तर पहिली तारीख सतराव्या दिवसाची. वॅक्सिनच्या प्रत्येक व्हायलवर, म्हणजे छोट्या बाटलीवर, सोलून काढायचं स्टिकर असतं, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी. ते कार्डावर चिकटवायचं आणि त्यावर नोंदणीकृत पशुवैद्यानं सही-शिक्का मारायचा. या कार्डावर स्टिकरच्या चौकटी कोऱ्या होत्या. शिक्का होता, पण नोंदणी क्रमांक वाचता येऊ नये इतपत पुसट. असे शिक्के मारून देणारे आमच्याही धंद्यात आहेत, ते मी झाकत नाही. त्यांच्यासाठी पशुवैद्यांची कौन्सिल आहे. पण कार्ड भरून घ्यायला त्यांच्याकडे जातं कोण?

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःच टोचणं. काउंटरवरून व्हायल आणायची आणि एकीत दोन पिल्लं उरकायची. 'लहान जीव आहे, अर्धा पुरे.' वॅक्सिन वजनावर मोजत नाहीत. चिहुआहुआला आणि ग्रेट डेनला तेवढीच पूर्ण व्हायल लागते. अर्धी दिली म्हणजे दोघांनाही धड मिळाली नाही.

आणि थंडाव्याचं काय? ही व्हायल कारखान्यापासून पिल्लाच्या मानेपर्यंत २ ते ८ अंशांत राहायला हवी. आपल्या गावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. पिशवीत बर्फाचा एक तुकडा टाकून गाडीच्या डिक्कीत ठेवलेली व्हायल सीताबर्डीहून मानेवाड्याला पोचेपर्यंत सिग्नलवर किती भाजते, तुम्हीच बघा. आतली पांढरी वडी दिसायला तशीच राहते, विरघळतेही तशीच. आतला विषाणू मेला आहे हे तिच्याकडे बघून कळत नाही. उलटं टोकही आहे: सेव्हन-इन-वन, नाईन-इन-वन अशा अनेक आजारांवरच्या एकत्र वॅक्सिनमधला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराचा) भाग पातळ द्रवात असतो, तो गोठला तर बिघडतो, म्हणून व्हायल बर्फाला चिकटवूनही ठेवायची नसते. तुमच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागे, लाईन गेल्यावर चार तास तशीच पडून राहिलेली व्हायल तर मी हातात घेऊन पाहिली आहे.

"नागपूरच्या उन्हात कोणता जंतू जगतो मॅडम?" असंही मला विचारतात. उन्हात नसेलही जगत. पण तुम्ही पिल्लं उन्हात ठेवता का? ती असतात मागच्या खोलीत, कूलरसमोर, पाणी ठिबकून ओल्या झालेल्या फरशीवर, पडदा लावलेल्या अंधारात. पार्वोला याहून चांगली जागा मिळणार नाही. अशा जागेत तो महिनोन्महिने टिकतो. आणि रोज फिनाईलनं पुसता ना, ते त्याला लागतच नाही. या विषाणूला वरून चरबीचं कवच नसतं, त्यामुळे फिनाईल, डेटॉल, सॅनिटायझर यांनी त्याचं फारसं बिघडत नाही. त्याला मारतं क्लोरीन. आधी साबणाच्या पाण्यानं घाण पूर्ण धुवून काढा, कारण घाणीवर क्लोरीन वाया जातं. मग दुकानात मिळणारं साधं पातळ ब्लीच, एक भागाला तीस भाग पाणी, ताजं मिसळून फरशीवर, पिंजऱ्यावर, भांड्यांवर टाका आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. मग धुवा. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. पिल्लं अर्थात त्या वेळी खोलीबाहेर. ज्या खोलीत पार्वोनं पिल्लू गेलं तिथे लगेच दुसरी, वॅक्सिन न झालेली बॅच उतरवू नका. गोणपाट आणि उशा धुवायच्या भानगडीत पडू नका, जाळून टाका.

'रस्त्यावरच्या कुत्र्यांमुळे होतं सगळं' हे आणखी एक. रस्त्यावर पार्वो आहेच. हिवाळ्यात गल्लीतल्या कुत्रीला सहा पिल्लं होतात आणि संक्रांतीपर्यंत एखादंच दिसतं, ते काही सगळं गाडीखाली येऊन नाही. नसबंदीचे २०२३ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत रेबीजच्या लसीची सक्ती आहे; पार्वोचं नाव कुणी घेत नाही. महापालिकेला त्याबद्दल वेगळं लिहीन. पण रस्त्यावर विषाणू आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर उसनी शक्ती संपत आलेलं आणि एकच डोस झालेलं पिल्लू 'संध्याकाळी फिरवून आणत जा' असं सांगून देणं कोणत्या हिशेबात बसतं? शेवटचा डोस होऊन आठवडा-दोन आठवडे होईपर्यंत त्याला रस्त्यावर, बागेत, फुटाळा तलावावर न्यायचं नाही. माणसांची, आवाजांची सवय अंगणात, गच्चीवर, कडेवर घेऊनही लागते.

कायद्याचं थोडक्यात. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ पासून आहेत. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. तुमच्या जाहिरातीत मात्र 'तीस दिवसांचं' हे कौतुकानं लिहिलेलं असतं. मला धंद्याची बाजू कळते. महिन्याभरानंतर पिल्लांचं खाणं वाढतं, संडास वाढते, शेजारी कुरकुरतात, आणि गिऱ्हाइकालाही तळहातावर मावणारंच हवं असतं. दोन महिन्यांचं झालं की 'मोठं झालं की हे' म्हणून भाव पाडतात. गिऱ्हाइकाचा दोष मी नाकारत नाही. पण आठ आठवडे हा आकडा कुण्या साहेबानं हवेतून काढलेला नाही. आईपासून लवकर तोडलं, खाणं बदललं, प्रवास झाला, पोटात जंत तसेच राहिले, की पार्वोला उभं पीक मिळतं. चार आठवडे जास्त सांभाळायचा खर्च एकीकडे आणि अख्खी बॅच जाण्याचा दुसरीकडे ठेवून बघा. पार्वोत बॅच गेलेला ब्रीडर पुढचे कितीतरी महिने त्या खोलीत पिल्लू ठेवायला घाबरतो, हे तुमच्यातल्याच लोकांनी मला सांगितलं आहे.

'नवीन स्ट्रेन आलाय, वॅक्सिन चालत नाही' असंही ऐकते. विषाणू बदलत आला आहे, हे खरं. मूळ प्रकार मागे पडून २ए, २बी, २सी असे प्रकार आले. पण चालू वॅक्सिन त्यांच्यापासूनही वाचवतात. वॅक्सिन होऊनही पार्वो झालेली जी पिल्लं माझ्याकडे येतात, त्यांची कार्डं नीट वाचली की बहुतेकदा कारण तिथेच सापडतं: लवकर दिलेला डोस, अर्धवट राहिलेला क्रम किंवा स्टिकर नसलेली चौकट.

(उन्हाळ्यात हस्की विकणाऱ्यांसाठी दुसरं पत्र लागेल. आज तो राग इथे काढत नाही.)

तर माझं मागणं काय आहे? कुत्री नराला लावण्याआधी तिचं वॅक्सिन पूर्ण करा. गाभण असताना जिवंत वॅक्सिन देत नाहीत, म्हणून आधीच. त्याचा फायदा थेट चिकातून पिल्लांना मिळतो आणि खर्च एका जनावराचा. पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. बाहेरगावाहून पिल्लं आणत असाल तर दोन आठवडे वेगळी ठेवा, घरच्या बॅचमध्ये त्याच दिवशी मिसळू नका. वेगळ्या खोलीतल्या चपला वेगळ्या. आणि पिल्लू देताना कार्डावर खरी जन्मतारीख, जितके डोस झाले तितकेच, स्टिकरसकट. जाहिरातीत 'वॅक्सिन झालेलं' च्या जागी 'पहिला डोस अमुक तारखेला झाला, पुढचा अमुक तारखेला, शेवटचा सोळा आठवड्यांनंतर तुम्ही करायचा' असं लिहा. गिऱ्हाईक पळून जाईल असं वाटतं तुम्हाला. चार जण पळतीलही. पण असं लिहिणाऱ्याकडे मी स्वतः माझी माणसं पाठवेन, आणि माझ्यासारखे या शहरात बरेच आहेत.

पार्वोचा संशय आला तर लपवू नका. ज्यांना पिल्लं दिली त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन करा. खासगीत परवडत नसेल तर सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे न्या. पिल्लू खोक्यात, खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि पोचल्यावर आधी एकट्यानं आत जाऊन सांगा की पार्वो असू शकतो, म्हणजे ओळीतल्या दुसऱ्या पिल्लांशेजारी ते बसवलं जाणार नाही.

पुढच्या बॅचसाठी माझ्याकडे यायचं असेल तर या. अख्खी बॅच एकत्र आणली तर तपासणीचे पैसे घेणार नाही, फक्त वॅक्सिनचे. व्हायल येताना आणू नका, ती माझ्या फ्रिजमध्ये असते आणि फ्रिजला इन्व्हर्टर आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत या. दुपारी पिल्लं घेऊन निघालात तर वाटेतच त्यांना ऊन लागेल. दवाखान्यात पिल्लं जमिनीवर सोडू नका, टोपलीतच राहू द्या. पार्वोचे पेशंट मी दुसऱ्या दारानं घेते, पण फरशी शेवटी तीच आहे.

आपली,
एक पशुवैद्य
नागपूर